परतीचा वारा

शाळेच्या इतिहासात दर्यावर्दींच्या वाटा नकाशावर बाणांनी दाखवतात. कोलंबसचा बाण स्पेनमधल्या पालोस बंदरातून निघतो आणि बहामा बेटांवर थांबतो. वास्को द गामाचा लिस्बनहून निघून आफ्रिकेला वळसा घालतो आणि कालिकतला टेकतो. टोक जिथे टेकलं तिथे शोध पुरा झाला, असं मनात पक्कं बसतं. परीक्षेतही तेवढंच विचारतात. या पुस्तकातल्या सफरी वाचायला घेण्यापूर्वी वाचकांना माझी एकच विनंती आहे. बाणाच्या टोकाशी थांबू नका, पुढचा अर्धा प्रवासही वाचा. किती माणसं परतली, कोणत्या वाटेनं परतली, त्यांना परतीचा वारा कुठे सापडला, हे बारकाईनं बघा. या सगळ्या साहसांचा गाभा मला तिथे दिसतो.

शिडाच्या जहाजाला वारा पाठीशी असला की धाडस असलेला कोणीही खलाशी दूरवर जाऊ शकतो. पण ज्या वाऱ्यानं नेलं तोच वारा घरी परतताना तोंडावर येतो. त्या काळची जड, रुंद पोटाची जहाजं वाऱ्याविरुद्ध फारशी चालत नसत. नागमोडी चालीनं थोडं पुढे सरकावं, तर प्रवाह मागे लोटायचा. पाण्याची पिंपं आणि बिस्किटांची पोती यांना तर मर्यादा होतीच. म्हणजे परत आणणारा दुसरा वारा कुठेतरी वाहतो, हे ठाऊक झाल्याशिवाय नवी वाट उघडत नसे. जो गेला आणि परतला नाही, त्यानं काय पाहिलं ते मागच्यांना कळायला मार्ग नव्हता.

पोर्तुगीजांना हे कोडं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पडलं. १४३४ मध्ये जिल एआनिश बोजादोरचं भूशिर ओलांडून सुखरूप परत आला आणि त्या भूशिराची पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती मोडली. पण जहाजं जसजशी दक्षिणेला जाऊ लागली, तसतसं परतणं कठीण होऊ लागलं. तिथे ईशान्येकडून येणारा वारा वर्षाचा बहुतेक काळ वाहतो आणि किनाऱ्यालगतचा प्रवाहही दक्षिणेकडेच ओढतो. यावर त्यांनी शोधलेला तोडगा विलक्षण आहे. घर उत्तरेला, किनारा हाताशी. तरी किनारा सोडायचा आणि वायव्येला, खुल्या अटलांटिकमध्ये शिरायचं. जमीन दिसेनाशी होते, दिवस जातात, घर जवळ येतंय असं काहीच वाटत नाही. मग अझोर बेटांच्या अक्षांशावर पश्चिमेकडून वाहणारा वारा भेटतो आणि तो थेट पोर्तुगालला आणून सोडतो. या वळशाला पोर्तुगीज खलाशी ‘व्होल्ता दु मार’ म्हणत. तो पहिल्यांदा कोणी घेतला याची नोंद नाही. पुढच्या शंभर वर्षांत युरोपीय जहाजांनी जे जे गाठलं, त्याच्या मुळाशी हा वळसा आहे.

कोलंबस पोर्तुगालात राहिलेला आणि पोर्तुगीज जहाजांवर वावरलेला होता. जाताना तो कॅनरी बेटांपर्यंत दक्षिणेला उतरला, तिथला पूर्वेचा वारा पाठीवर घेतला आणि १२ ऑक्टोबर १४९२ ला जमीन गाठली. परतताना १६ जानेवारी १४९३ ला निघाल्यावर आल्या वाटेनं जाण्याचा हट्ट न धरता तो उत्तरेला चढत गेला, पश्चिमेचे वारे मिळाल्यावर पूर्वेला वळला, आणि वादळं झेलत फेब्रुवारीत अझोर बेटांना लागला. आपण नेमके कुठे जाऊन आलो हे त्याला मरेपर्यंत नीट उमगलं नाही. घरी कसं यायचं हे मात्र अचूक उमगलं होतं. त्याच्या नाविकपणाची साक्ष काढायची, तर मी जानेवारीतल्या त्या उत्तरेच्या वळणाची काढेन.

बार्तोलोमेव दियासची गोष्ट तर उलटीच. आफ्रिकेचं दक्षिण टोक त्यानं जाताना पाहिलंच नाही. वादळात जहाजं खोल समुद्रात गेली आणि ३ फेब्रुवारी १४८८ ला तो किनाऱ्याला लागला, तेव्हा टोक मागे पडलं होतं. पुढे थोडं गेल्यावर खलाशांनी पाय रोवले. परत फिरा, म्हणाले. ज्या भूशिरामुळे तो इतिहासात राहिला, ते त्याला दिसलं या नाइलाजाच्या परतीच्या वाटेवर.

आता गामाकडे वळतो, आणि त्याच्यापाशी जरा रेंगाळणार आहे. त्याच्या पहिल्या सफरीची, ताफ्यातल्याच एका माणसानं लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. ती आल्व्हारो व्हेल्यो नावाच्या माणसाची असावी असं मानतात. पोर्तो शहराच्या ग्रंथालयात तिची जुनी हस्तलिखित प्रत आहे. तिच्यात भाषेचा थाट नाही. आज काय खाल्लं, पाणी कुठे भरलं, कोण दगावलं, असं सरळ लिहिलेलं आहे.

चार जहाजं ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघाली. केप व्हर्डे बेटं सोडल्यावर गामानं अटलांटिकमध्ये असा मोठा वळसा घेतला की ऑगस्टच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, तीन महिने, जमीन दिसली नाही. कोलंबसला कॅनरी बेटांपासून पुढे छत्तीस दिवस लागले होते. आफ्रिकेचा पूर्व किनारा धरून मोझांबिक, मोंबासा करत ताफा एप्रिल १४९८ मध्ये मालिंदीला पोचला. तिथल्या सुलतानानं एक जाणकार वाटाड्या दिला. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता असं पूर्वी सांगत. आज अभ्यासक ते मानत नाहीत. वाटाड्या कोणीही असो, त्यानं काम चोख केलं. २४ एप्रिलला मालिंदी सोडली आणि १८ मे ला मलबारचे डोंगर दिसले. ज्या समुद्रात त्या ताफ्यातला एकही पोर्तुगीज कधी आला नव्हता, तो चोवीस दिवसांत पार झाला.

त्यात नवल काहीच नव्हतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मलबारला यायचं, तर नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो तेव्हा, पण तो दांडगा होण्याआधी यायचं, हे त्या समुद्रावर वावरणाऱ्या अरब, गुजराती, मलबारी आणि स्वाहिली नाविकांना शेकडो वर्षं ठाऊक होतं. परतायचं तर ईशान्येचा वारा स्थिर झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. मधले महिने बंदरात थांबायचं. या सक्तीच्या मुक्कामानं आपल्या किनाऱ्याचा इतिहास घडवला आहे. अरब प्रवासी अल्-मसुदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला, तेव्हा तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची हजारोंची वस्ती असल्याचं त्यानं लिहिलं आहे. वाऱ्यासाठी थांबलेली माणसं घरं बांधतात, लग्नं करतात, मुलांना तिथली भाषा येते. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन शाकारलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. तेही याच वेळापत्रकाचं एक पान आहे.

हे वेळापत्रक गामाला ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी पाळणं त्याच्या हाती उरलं नाही. कालिकतच्या राजापुढे, सामुतिरीपुढे, त्यानं ठेवलेला नजराणा पाहून दरबारी हसले: कापडाचे तागे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची घंगाळी, साखर, तेल, मध. ज्या बंदरात मक्केचे व्यापारी सोनं आणत, तिथे हा माल मांडायचा म्हणजे अपमानच. पुढे जकातीवरून तंटा झाला, माल अडकला, गामानं माणसं ओलीस धरली. २९ ऑगस्ट १४९८ ला तो भांडून निघाला. समुद्र निवळू लागला होता, पण परतीचा वारा अजून सुरू व्हायचा होता.

वाटेत तो अंजदीव बेटावर थांबला. कारवारसमोरचं हे बेट आजही गोव्यात मोडतं. तिथे दगडी बांधकामाचं तळं होतं, पाणी गोड होतं. त्यांनी पाणी भरलं, लाकूड तोडलं, दोन जहाजं किनाऱ्यावर ओढून त्यांचे तळ साफ केले. तिथेच एक चाळिशीचा माणूस त्यांना भेटायला आला. व्हेनिसची भाषा अस्खलित बोलणारा, कमरेला तलवार. गोव्याच्या मुसलमान अधिपतीच्या चाकरीत आहे, म्हणाला. संशय आल्यावर गामानं त्याला फटके मारून बोलतं केलं. तो मूळचा ज्यू होता. पोर्तुगीजांनी त्याला बरोबर नेलं, बाप्तिस्मा देऊन गास्पार द गामा हे नाव दिलं, आणि दोन वर्षांनी काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्यातून तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरही उतरला. एका माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ झालेली मी दुसरीकडे क्वचित वाचली आहे. त्याच्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

५ ऑक्टोबरला अंजदीव सोडलं. जो समुद्र येताना चोवीस दिवसांत ओलांडला होता, त्याला परतताना तीन महिन्यांना तीनच दिवस कमी लागले. कधी वारा पडलेला, कधी तोंडावर. आधी स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, इतक्या की दातांवर चढल्या आणि अन्न चावता येईना. मग पाय सुजले, अंग सुजलं आणि माणसं मरू लागली. तीस जण या एका टप्प्यात गेले. तितकेच आधी गेले होते. जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जण उरले, आणि तेही धडधाकट नव्हते. शिडं ओढायला हात नसलेलं जहाज समुद्रावर काय करणार? रोजनिशीकार लिहितो की अजून पंधरा दिवस असेच गेले असते, तर जहाजं चालवायला कोणी उरलं नसतं. अखेर २ जानेवारी १४९९ ला मोगादिशूजवळ आफ्रिकेचा किनारा दिसला.

मालिंदीला पोचताच गामानं माणूस पाठवून संत्री मागवली, कारण आजारी माणसांना त्यांचीच आस लागली होती. ही बारीकशी नोंद मला फार महत्त्वाची वाटते. जाताना मोंबासाला आजारी बरे झाले, तेव्हा रोजनिशीकारानं त्याचं श्रेय तिथल्या चांगल्या हवेला दिलं होतं. आता परतताना माणसांच्या जिभेलाच औषध कळलं होतं. पण हे ज्ञान जहाजाबरोबर घरी पोचून रुजलं नाही. जेम्स लिंडनं बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून संत्र्या-लिंबांचा गुण दाखवला तो १७४७ मध्ये, आणि ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस नेमानं द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत समुद्रावर स्कर्व्हीनं जितके खलाशी नेले, तितके लढायांनी आणि वादळांनीही नेले नसतील.

मोंबासाच्या आसपास ‘साव राफाएल’ हे जहाज त्यांनी स्वतःच जाळलं. तीन जहाजं चालवण्याइतकी माणसं उरली नव्हती. निघालेल्या सुमारे एकशे सत्तर जणांपैकी निम्मेही घरी पोचले नाहीत. गामाचा भाऊ पाउलो अझोर बेटांवर, घर हाकेच्या अंतरावर असताना वारला. पण पोर्तुगीज या किमतीतून शिकले. काब्राल १५०० च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघाला, सप्टेंबरमध्ये कालिकतला आला आणि परतीला जानेवारी १५०१ मध्ये लागला. पुढे लिस्बन-गोवा जहाजांचं वेळापत्रकही असंच ठरून गेलं: वसंतात निघायचं, पावसाळा ओसरताना पोचायचं, हिवाळ्यात परतायचं. मालिंदी-मलबारच्या नाविकांचं जुनं गणित शेवटी त्यांनीही मानलं. भारताच्या ‘सागरी मार्गाचा शोध’ असं जे आपण पाठ करतो, त्यात अरबी समुद्रापुरता तरी शोध असा काही नव्हता. होतं ते एक उसनं घेतलेलं येणं, आणि एक फार महाग पडलेलं जाणं.

गामाच्या पाव शतक आधी एक रशियन व्यापारी आपल्या मुलखात येऊन गेला, त्याला या पुस्तकाच्या वाचकांनी विसरू नये. त्वेर गावचा अफानासी निकितिन १४७० च्या सुमारास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानानं तो घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असं बजावलं. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडा सुटला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असं तो इथल्या पावसाळ्याबद्दल लिहितो. आपल्याला ते वर्णन घरचंच वाटतं. व्होल्गाकाठच्या माणसाला ते केवढं अजब वाटलं असेल! बिदरपर्यंत फिरून तो दाभोळहून जहाजात बसला. जायचं होतं हुर्मुझला, पण जहाज भरकटून हबसाणाच्या किनाऱ्याला लागलं. तिथून तो कसाबसा रशियापर्यंत पोचला आणि त्वेर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या आसपास, वारला. त्याची वही तेवढी पुढे गेली. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

प्रशांत महासागरात परतीचं कोडं आणखी बिकट होतं. मॅगेलनच्या पाच जहाजांची कहाणी सर्वांना ठाऊक असते: सामुद्रधुनी पार केल्यावर तीन महिने वीस दिवस ताजं अन्न नाही, डोलकाठीवरचं कातडं भिजवून भाजून खाल्लेलं, उंदीर अर्ध्या दुकाताला विकला गेलेला, अंतोनियो पिगाफेट्टानं हे सारं लिहून ठेवलं. मॅगेलन २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर मारला गेला. पण त्यानंतरची गोष्ट मागे पडते. मलुकू बेटांवर दोनच जहाजं उरली. ताफ्यातल्या एल्कानोनं त्यांतलं ‘व्हिक्टोरिया’ पश्चिमेला, पोर्तुगीजांच्या समुद्रातून चोरून नेलं आणि ६ सप्टेंबर १५२२ ला अठरा माणसांनिशी स्पेन गाठलं. दुसरं, ‘त्रिनिदाद’, प्रशांत उलटा ओलांडून अमेरिकेला जायला निघालं. उत्तरेला खूप वर चढूनही त्याला हवा तो वारा मिळाला नाही. थंडी, वादळं आणि उपासमार यांनी बहुतेक माणसं मेली आणि उरलेले परत येऊन पोर्तुगीजांच्या हाती लागले.

पुढची चाळीस वर्षं स्पॅनिश जहाजं मेक्सिकोहून पश्चिमेला सहज येत राहिली आणि परतताना एकामागून एक अपयशी ठरली. हे कोडं सोडवलं आंद्रेस दे उर्दानेतानं. तरुणपणी एल्कानोबरोबरच्या मोहिमेत तो मलुकूला गेला होता आणि तिथे काही वर्षं अडकला होता. पुढे तो ऑगस्टिनियन साधू झाला. म्हातारपणी राजानं त्याला पुन्हा समुद्रावर पाठवलं. १ जून १५६५ ला सेबूहून निघून तो जपानच्या अक्षांशापर्यंत उत्तरेला चढला, तिथले पश्चिमेचे वारे घेतले आणि ८ ऑक्टोबरला आकापुल्कोला पोचला. याच मोहिमेतून फुटून निघालेलं ‘सान लुकास’ हे छोटं जहाज लोपे मार्तिन नावाच्या वाटाड्यानं त्याच्याही दोन महिने आधी मेक्सिकोला आणलं होतं. त्याचं नाव फार कमी ठिकाणी येतं आणि ते यायला हवं. या एका वाटेवर मनिला आणि आकापुल्कोमधला चांदी-रेशमाचा व्यापार १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं चालला.

आणि याच महासागरात बेटांवरची माणसं कित्येक शतकं ये-जा करत होती. रायातेआ बेटाचा तुपाया १७६९ मध्ये ताहितीहून जेम्स कूकच्या ‘एन्डेव्हर’वर चढला. त्यानं सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा काढून दिला. न्यूझीलंडला माओरींशी तो आपल्या भाषेत बोलला आणि त्यांना ती कळली, तेव्हा एवढा समुद्र एकाच वंशाच्या माणसांनी ओलांडला आहे हे कूकच्या लक्षात आलं. बारा महिने पूर्वेचा वारा वाहत असताना तुमचे लोक पूर्वेला परततात कसे, या कोड्याचं उत्तरही तुपायाकडे होतं. नोव्हेंबर ते जानेवारीत पावसाबरोबर पश्चिमेचे वारे येतात, तेव्हा आम्ही निघतो, असं त्यानं सांगितलं आणि कूकनं ते लिहून घेतलं. तुपाया स्वतः मात्र परतला नाही; १७७० अखेरीस तो बटाव्हियात तापानं वारला.

न परतलेल्यांची यादी लांब आहे आणि तिच्यातले सगळे स्वखुशीनं निघालेले नव्हते. कोलंबसनं बेटांवरची माणसं धरून स्पेनला नेली; त्यांतली मोजकीच जगली. गामानं कालिकतची माणसं नेली. त्यांतली काही काब्रालबरोबर परत आली, बाकीची आली नाहीत. १५०२ मध्ये दुसऱ्यांदा आलेल्या गामानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. तेही घरी निघालेले लोकच होते. या सफरींचं कौतुक मी मनापासून करतो, आणि हे जहाज विसरून ते करता येणार नाही असं मला वाटतं.

तारखांबद्दल थोडं सांगणं गरजेचं आहे. १५८२ पूर्वीच्या सगळ्या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. गामाच्या काळासाठी त्यांत नऊ दिवस मिळवले की आजची तारीख मिळते. म्हणजे तो मलबारला लागला ते आपल्या मेअखेरीस, पाऊस दारात असताना. आणि अंजदीवहून निघाला तो ऑक्टोबरच्या मध्यावर. हा हिशेब मनात ठेवला, तर वाऱ्याचं सगळं गणित जुळतं. एल्कानोच्या सफरीत आणखी एक दिवस सांभाळावा लागेल. जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डेला उतरलेल्या माणसांनी चौकशी केली, तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेट्टानं एकही दिवस न चुकता नोंद ठेवली होती, म्हणून तो चक्रावला. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जात पृथ्वीला पूर्ण फेरी घातली की एक दिवस कमी मोजला जातो, हे नंतर कळलं. त्या प्रकरणातल्या तारखा जहाजावरच्या वहीप्रमाणेच ठेवल्या आहेत.